आटपाडीच्या गाडीनं येणारं दूध

दोन मिली म्हणजे किती, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस मोजण्यात माझी अकरा वर्षं गेली आहेत. एक थेंब जास्त पडला तर मी सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून घेतो. हाताखालच्या कुणी अंदाजपंचे आकडा लिहिला, तर त्याची सगळ्यांसमोर खरडपट्टी काढतो. बायको म्हणायची, चहातसुद्धा साखर मोजून घालणारा नवरा माझ्या कपाळी आलाय. अशा माणसानं स्वतःच्या मुलीबद्दल नऊ दिवस खोटे आकडे सांगितले. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली, पण हंगामात रस मोजायला उभा राहिलो की ते आकडे अजून आठवतात.

मी साताऱ्याकडचा, नोकरीमुळं सांगलीत खोली घेऊन राहतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून बायको आटपाडीजवळच्या तिच्या गावी गेली होती. सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले. सासूबाई म्हणाल्या, पोटुशीपणी सुजतंच. मग डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, तेव्हा कुठं तिला आटपाडीच्या दवाखान्यात नेलं. रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टरांनी न थांबता सिझेरियन केलं. मी सांगलीहून पोहोचलो तेव्हा मुलगी झाली होती आणि बायको झटके येऊन बेशुद्ध पडली होती. मुलीचं वजन अकराशे ग्रॅम. साखरेच्या किलोच्या पुडीपेक्षा जराशी जड. तिला श्वास घेता येत नव्हता, म्हणून तासाभरात ॲम्ब्युलन्सनं सांगलीला हलवायचं ठरलं. दोघींपैकी कुणाजवळ थांबायचं, हे मला कुणी विचारलं नाही. मला धरून गाडीत बसवलं. त्यामुळं बायकोनं आपली मुलगी पाहिलीच नाही. शुद्धीवर आली तेव्हा मुलगी शंभर किलोमीटर लांब होती.

सांगलीच्या दवाखान्यात मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीवर चिठ्ठी लावली, तिच्यावर बायकोचं नाव आणि पुढं ‘यांची बेबी’. वडिलांना दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं आत सोडायचे. कोपरापर्यंत हात धुवायचे, हिरवा झगा घालायचा, फोन बाहेर ठेवायचा. आत गेलं की मी आधी मशिनवरचे आकडे बघायचो आणि मग मुलीकडं. मुलीकडं बघायला धीरच व्हायचा नाही. हात माझ्या करंगळीएवढे, कातडी इतकी पातळ की आतली शीर न् शीर दिसायची. तिचं नाक मात्र आमच्या घरचं होतं, पसरट. एवढ्याशा जिवावर आमचं नाक कशाला आलं, असं वाटून मला पहिल्या दिवशी उगाच राग आला. राग मला कशाचाही येतो. त्या दिवसांत तर मी दवाखान्याच्या लिफ्टवरसुद्धा चिडत होतो.

डॉक्टर शांत माणूस होता. खोटी आशा लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “नळीनं दूध सुरू करू. आईचं मिळालं तर सगळ्यात चांगलं. बाकी आमची औषधं आहेतच, पण हे दूध आम्हाला बनवता येत नाही.”

बायकोला सांगलीत आणणं शक्य नव्हतं. तिच्या टाक्यांत पू झाला होता, रक्तदाब उतरत नव्हता. आटपाडीच्या डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं की हिला गाडीत घालायचं नाही आणि हिच्या जिवाला घोर लागेल असं काही बोलायचं नाही, पुन्हा झटके आले तर ही हातची जाईल. तेव्हा दूध तिकडं आणि मुलगी इकडं. यावर मेव्हण्यानं तोडगा काढला, आणि आमच्या भागात राहणाऱ्या कुणालाही तोच सुचला असता. एसटीनं पाठवायचं. मी साताऱ्याला कॉलेजात होतो तेव्हा माझा जेवणाचा डबा तीन वर्षं गावाहून एसटीनं आला. निम्म्या जिल्ह्याची पोरं अशीच शिकली आहेत. डबा जातो तर दूध का जाणार नाही?

रोज सकाळी बायको दूध काढून उकळलेल्या बाटलीत भरायची. बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये जायची. मेव्हणा मोटारसायकलवरून तो थर्मास आटपाडी स्टँडवर आणून सांगलीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं द्यायचा आणि मला फोन करायचा, “दाजी, दिलंय.” साडेदहाच्या सुमारास गाडी सांगलीत लागायची. मी थर्मास घेऊन रिक्षानं दवाखाना गाठायचो. दुपारी त्याच गाडीनं रिकामी बाटली परत जायची. सासूबाई थर्मासच्या कानाला फडक्यात कोळशाचा खडा बांधून पाठवायच्या. दूध उंबऱ्याबाहेर जाताना त्याला नजर लागू नये म्हणून. प्रयोगशाळेत जन्म काढलेला माणूस मी, पहिल्याच दिवशी फोनवर त्यांच्यावर उखडलो. सिस्टरच मला म्हणाली, “असू दे हो, बाहेरच बांधलाय ना? आत काही टाकलेलं नाही.”

ड्रायव्हर निवृत्तीला आलेला, मिशा पांढऱ्या झालेला माणूस होता. थर्मास गरम बॉनेटवर ठेवू नका, असं मी त्याला रोज बजावायचो. तो चिडायचा नाही. म्हणायचा, “आवं साहेब, माज्या पिशवीत ठेवतोय, सीटच्या मागं. माजीबी नातवंडं हायती की. बाळ कसं हाय?”

“दोन मिली घेतंय,” मी सांगायचो.

“ब्येस, ब्येस,” तो म्हणायचा. दोन मिली म्हणजे किती हे त्याला ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी बाटलीच्या तळाला सात मिली दूध आलं. दुसऱ्या दिवशी नऊ. मुलीला दर सहा तासांनी एक मिली द्यायचे, मग दोन केलं. संध्याकाळी मी बायकोला फोन करायचो आणि ती दुसरं काही विचारायचीच नाही. “आज किती प्याली?” दोन म्हटलं की दोनदा म्हणायची, दोन, दोन. मग तिकडून आवाज यायचा, “आई, दोन घेतंय गं.” फोटो पाठवा, असा तिचा एक हट्ट होता. चौथ्या दिवशी सिस्टरनं मेहेरबानी करून दोन फोटो काढून दिले. एकात मुलीचे डोळे मिटलेले होते आणि एकात एक डोळा किंचित उघडा. मी मिटलेल्या डोळ्यांचा पाठवला. दुसरा मागं ठेवला, पुढच्या आठवड्यात पाठवू म्हणून. मला सगळं पुरवून वापरायची सवय आहे.

आठव्या दिवशी तीन मिली झालं. त्या संध्याकाळी मी स्टँडसमोरच्या गाड्यावर भडंग घेऊन खाल्लं, आठ दिवसांत पहिल्यांदा चव लागली. मला वाटलं, आता रोज एक मिली वाढवत गेलं तरी महिन्यात हिशेब बसतो. डॉक्टरला तसं म्हणालोही. तो म्हणाला, “ही मुलं हिशेबानं चालत नाहीत.”

दहाव्या दिवशी तिचं पोट फुगलं. नळीतून हिरवं पाणी परत आलं. दूध थांबवलं. आतड्याला जंतुसंसर्ग झालाय, असं डॉक्टरनं कागदावर आतडं काढून समजावलं. मी विचारलं, दुधामुळं? तो म्हणाला, नाही, दूध नसतं तर हे आधीच झालं असतं. मी पुन्हा विचारलं, वाटेत थर्मास गरम झाला असेल का? तो म्हणाला, नाही. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला ते आवडलं नाही. मला उत्तर हवं होतं, हात नको होता. तिला पुन्हा श्वासाच्या मशिनवर घातलं.

त्या संध्याकाळी बायकोनं विचारलं, किती? मी म्हणालो, तीन. कालचा आकडा आज सांगितला, एवढंच. जिवाला घोर लागेल असं बोलायचं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या. दूध थांबलं होतं, पण गाडी थांबली नाही. तिकडून बाटली येत राहिली. सिस्टर ती घेऊन फ्रिजमध्ये ठेवायची आणि म्हणायची, “सुरू करू पुन्हा, दोन-तीन दिवसांत.” तिच्या आवाजावरून मला कळायचं की सुरू होणार नाही.

तेराव्या दिवशी मंगळवार होता. पहाटे तीनच्या सुमारास मला आत बोलावलं. वेळ नसताना बोलावलं, हात धुवायलाही सांगितलं नाही. मशिनवरचे आकडे खाली येत होते. आकडे खाली येणं म्हणजे काय हे मला इतर कुणापेक्षा जास्त कळतं. सिस्टरनं तिला पेटीतून काढून माझ्या हातात दिलं. पहिल्यांदाच. माझ्या दोन तळव्यांत ती मावली.  पाच-सात मिनिटांनी डॉक्टरनं छातीला स्टेथोस्कोप लावून पाहिलं आणि घड्याळाकडं बघितलं.

थोरला भाऊ गाडी घेऊन आला. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. आम्ही तिला साताऱ्याकडं गावी नेलं आणि आमच्या मळ्याच्या बांधाला ठेवलं. वाटेत, कराडच्या अलीकडं, मेव्हण्याचा फोन आला, “दाजी, दिलंय. गाडी सुटली.” मी फोन तसाच पुढं केला. भावानं फोन घेतला आणि त्याला सांगितलं.  मग भाऊ म्हणाला, “हे बघ, तिला न्हाई सांगायचं. तिचे टाके भरू देत, बीपी उतरू दे. आदी तिला जगवू. घरात कुणालाच सांगू नगंस, म्हातारीच्या तोंडात तीळ भिजत न्हाई.” असं तिघा पुरुषांनी एका फोनवर ठरवलं. मीही होय म्हणालो. त्या दिवशीचा थर्मास कुणी उतरवून घेतला नाही, तो तसाच आटपाडीला परत गेला.

संध्याकाळी बायकोचा फोन. “आज थर्मास भरलेला परत आला. तुमी स्टँडवर गेला न्हाईत?”

“कारखान्यात काम निघालं,” मी म्हणालो.

“म्हंजे आज ती उपाशी?”

“कालचं होतं फ्रिजमध्ये. पाच मिली प्याली.”

पाच. हा आकडा माझ्या तोंडून कसा गेला ते मला सांगता येणार नाही. तीन म्हणायचं होतं. तीन म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण तिचा आवाज इतका पडला होता की तो उचलायला माझ्याकडं आकड्याशिवाय दुसरं काही नव्हतं. पलीकडं ती हसली. आणि ओरडून आईला सांगितलं, “पाच! आई, पाच!”

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा साडेदहाला स्टँडवर. थर्मास घेतला नाही तर तो पुन्हा भरलेला परत जाणार, तिथून गोष्ट फुटणार. “बाळ कसं हाय, साहेब?” “बरंय.” थर्मास घेऊन खोलीवर यायचो. रिकामी बाटली परत गेलीच पाहिजे, नाहीतर ती विचारणार. मग मोरीत उभं राहून दूध ओतायचो. ओतायच्या आधी मोजायचो. का मोजायचो? सवय, दुसरं काय. पहिल्या दिवशी अठ्ठावीस मिली. मी बायकोला आठ सांगितलं. तिनं त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्याचं सासूबाईंनी कौतुकानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाटलीत चाळीस. मी बारा सांगितलं. सासूबाईंनी अळिवाची खीर वाढवली, लसूण वाढवला, शेपूची भाजी दोन्ही वेळा सुरू केली. शनिवारी एका बाटलीत मावेना म्हणून दोन आल्या, नव्वद मिली. मी पंधरा सांगितलं. माझा आकडा वाढायचा तसं तिचं दूध वाढायचं. दोन्हीतलं एक खोटं होतं आणि दुसरं माझ्या हातानं मोरीत जात होतं. वरून तांब्याभर पाणी ओतायचो, तरी खोलीला कोवळा आंबूस वास राहायचा.

मला हे थांबवता आलं असतं. दूध उलटलं, ताप आला, असं पायरी-पायरीनं खाली आणता आलं असतं. भाऊही तेच म्हणत होता, “जरा जरा कमी करत जा, म्हंजे तिच्या मनाची तयारी हुईल.” रोज ठरवायचो, आज कमी सांगायचं. फोन वाजला की जास्त सांगायचो. खरं सांगतो, ते फक्त तिच्यासाठी नव्हतं. दिवसातली ती दोन मिनिटं मुलगी जगत होती, वजन धरत होती, आणि ते ऐकणारं माणूस खूश होत होतं. मलाही ते ऐकायचं होतं. शुक्रवारी तिनं फोटो मागितला आणि मी मागं ठेवलेला तो दुसरा फोटो पाठवून दिला, एक डोळा किंचित उघडा असलेला. “डोळं उघडती की! माज्याकडंच बगतीया,” ती म्हणाली. मी फोन ठेवून भिंतीवर मूठ आपटली. हात सुजला, तेवढंच झालं.

रविवारी वीस सांगितलं.  ती म्हणाली, “वीस घेतंय म्हंजे आता अंगावर पिईल न्हवं?”

मी म्हणालो, डॉक्टरला विचारतो.

सोमवारी सकाळी नऊ वाजून गेले तरी मेव्हण्याचा ‘दिलंय’ म्हणून फोन आला नाही. मला वाटलं, दूध आटलं असेल. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. साडेनऊला फोन वाजला. मेव्हणा धापा टाकत होता. “दाजी, आक्का बसली गाडीत. आई बी संगं हाय. मी रानात पाण्याच्या पाळीला हुतो. काल टाकं काडलं, डॉक्टरीणबाई म्हनल्या जरा हिंडाय हरकत न्हाई, तर हिनं रातीच पिशवी भरून ठिवलीती. कुनाला बोलली न्हाई. फोन बी लागंना तिचा.”

“तू सांगितलंस काही?”

“न्हाई ओ. सांगितलं असतं तर ती बसली असती का?”

मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. गाडीला अजून तासभर होता. भावाला फोन केला, तो म्हणाला, मी निघतो, तोवर तिला खोलीवर ने, बसव, पाणी दे, मग सांग. मी मनात वाक्यं जुळवली. पहिलं वाक्य जुळायचं, दुसरं जुळायचं नाही. शेजारच्या बाकावर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन वेफर्स चारत होती. लेकरू थुंकून टाकत होतं आणि ती त्याला रागवत होती. मी तिथून उठून दुसऱ्या फलाटावर गेलो आणि गाडी लागेल तिथं परत आलो. असं चार-पाच वेळा झालं.

गाडी त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा आली. ड्रायव्हरनं मला लांबूनच पाहिलं आणि खिडकीतून डोकं काढून ओरडला, “साहेब, आज पार्सल मोठं हाय!” खाली उतरून त्यानं स्वतः बायकोला हात दिला. ती पोटावर एक हात दाबून हळूहळू पायऱ्या उतरली. अठरा दिवसांत ती निम्मी झाली होती, तोंड मात्र उजळलेलं होतं. नवी साडी नेसली होती. मागून सासूबाई, त्यांच्या हातात पिशवी. पिशवीतून लोकरीचं टोपडं डोकावत होतं.

“कवाधरनं हुबं हायसा?” ती म्हणाली. “रिक्षा बगा की. अकराला पाजत्यात न्हवं तिला? तेवड्यात पोचलं पायजे.”

मी पिशवी घ्यायला हात पुढं केला. सासूबाईंच्या हातातून ती घेतली आणि तिथंच उभा राहिलो.

“चला की.”

मला पाऊल उचलता येईना. खोलीवर नेऊन, बसवून, पाणी देऊन सांगायचं होतं. रिक्षावाल्याला काय सांगणार? दवाखान्याचं नाव सांगू, का खोलीचा पत्ता? तेवढ्या एका गोष्टीवर माझं सगळं अडलं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आधी हसत, मग नुसतीच.

“आवं, काय झालं?”

“ती नाही राहिली,” मी म्हणालो.

सासूबाई मटकन खाली फलाटावर बसल्या. बायको बसली नाही. ड्रायव्हर गाडीची पाटी बदलत होता, तो पाटी हातात धरून तसाच थांबला.

“कवा? आज?”

“मंगळवारी.”

“परवाच्या?”

“हो. आज सहा दिवस झाले.”

तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. मंगळवार, बुधवार, असं ओठांनी म्हणत एकेक बोट मिटत गेली. रविवारवर येऊन थांबली. मला वाटलं आता ती मला मारेल, आणि मारावं असंच मला वाटत होतं. पण तिच्या तोंडावर राग नव्हता. मुलाला गणित चुकल्यावर कळत नाही कुठं चुकलं, तसं ती माझ्याकडं बघत होती.

“मग काल वीस मिली कोन प्यालं?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, “कुणी नाही.”

तिनं पदर पुढं ओढून घेतला, तरी ब्लाउज दोन्हीकडून भिजत चाललेलं मला दिसलं. स्टँडवरच्या घड्याळात अकरा वाजले होते आणि तिचं दूध वेळेवर आलं होतं.